फुकटची वीज आणि आजीचे बोंबील

जुलै महिना उजाडला की आपल्या डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डवर फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागते. त्यात काही नावं पिढीजात असतात. लाइन फॉलोअर रोबो असतो, आवाजावर चालणारा पंखा असतो आणि एक हमखास असतं : 'मोबाइल टॉवरच्या लहरींपासून मोफत वीजनिर्मिती'. मागच्या वर्षी हे नाव आमच्या ग्रुपसमोर होतं. चौघांनी मिळून ते निवडलं, चौघांनी मिळून माती खाल्ली, आणि जे शिकलो ते सबमिशनच्या फाइलमध्ये कुठेच लिहिता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी कल्पना सांगतो. टॉवर चोवीस तास रेडिओ लहरी सोडतो. त्यातली आपल्या मोबाइलच्या अँटेनात शिरते ती चिमूटभर, बाकीची भिंती, झाडं आणि माणसं यांच्यात मुरून जाते. मग ही वाया जाणारी ऊर्जा अँटेनाने पकडायची, डायोडने डीसी करायची आणि वापरायची. अँटेना अधिक रेक्टिफायर म्हणून याला 'रेक्टेना' म्हणतात. कागदावर इतकं सोपं वाटतं की आजवर कुणी केलं कसं नाही, असा प्रश्न पडावा.

तर केलंय! आपल्या मुंबईतच, पवईला. आयआयटीच्या महिमा अरावतिया, मरियम शोजाई बघिनी आणि प्रा. गिरीश कुमार यांनी २०११ साली ९०० मेगाहर्ट्झच्या टॉवरवरून ऊर्जा पकडण्यावर शोधनिबंध वाचला. टॉवरपासून १० मीटरवर त्यांना पावणेतीन व्होल्टच्या आसपास व्होल्टेज मिळालं, ५० मीटरवर एक व्होल्टपेक्षा कमी. आम्ही तो निबंध वाचला, 'पावणेतीन व्होल्ट' एवढंच डोक्यात ठेवलं आणि लॅमिंग्टन रोडला डायोड आणायला गेलो. पहिली चूक तीच. व्होल्ट म्हणजे वॉट नव्हे, हे बारावीत शिकलेलं आम्ही इंजिनीअरिंगच्या चौथ्या वर्षी विसरलो.

टॉवर शोधायला लांब जावं लागलं नाही. ग्रुपमधला एक जण शीव कोळीवाड्याचा. त्याच्या आजीच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवरच टॉवर आहे. कोळीवाडा आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे तो खाण्यासाठी. फाळणीनंतर कॅम्पात आलेल्या पंजाबी मंडळींच्या हातची कोळंबी 'प्रॉन्स कोळीवाडा' या नावाने देशभरच्या मेन्यूकार्डावर गेली, ती इथूनच. स्टेशनचं नाव गुरु तेग बहादूर नगर झालं, तरी जुनी माणसं अजून कोळीवाडा स्टेशनच म्हणतात. आजी त्यातल्याच. जन्मभर मासळी विकली. आता बाजारात बसत नाहीत, पण पाऊस सरला की गच्चीवर दोऱ्या बांधून बोंबील सुकवतात आणि ओळखीच्या घरी विकतात. ऑक्टोबरचं कडक ऊन, वर टॉवर, खाली ओळीने लटकलेले बोंबील आणि मधे ब्रेडबोर्ड घेऊन आम्ही चौघे. आमची प्रयोगशाळा ही अशी.

पहिल्या दिवशी मल्टिमीटरने १.१ व्होल्ट दाखवले. आम्ही नाचलो. मग लोड म्हणून १० किलोओहमचा रेझिस्टर जोडला आणि आकडा धपकन ०.१५ वर आला. गणित करा : ०.१५ चा वर्ग भागिले १०,०००. म्हणजे सव्वादोन मायक्रोवॅट. साध्या लाल एलईडीला पेटायला पावणेदोन व्होल्टच्या आसपास लागतात आणि नीट दिसायला एखादा मिलिअँपिअर. आमच्याकडे त्याच्या सातशेव्या भागाइतकीही शक्ती नव्हती.

असं का होतं? अँटेनावर येणारी शक्ती समजा १० मायक्रोवॅट असेल, तर ५० ओहमवर तिचं शिखर व्होल्टेज जेमतेम ३२ मिलिव्होल्ट असतं. लॅबमधल्या सिलिकॉन डायोडला उघडायला सहा-सातशे मिलिव्होल्ट लागतात. म्हणून शॉटकी डायोड घ्यायचे, मॅचिंग नेटवर्कने व्होल्टेज चढवायचं आणि डबलरच्या सहा पायऱ्या लावायच्या. प्रत्येक पायरी थोडी थोडी ऊर्जा खाते. शेवटी ओपन सर्किटला व्होल्टेज दिसतं भारदस्त, पण करंट मागितला की सगळं खाली बसतं. बाहेरून बंगला, आत भाड्याची खोली.

आणखी एक गंमत. आम्हाला वाटलं होतं, टॉवरच्या बुंध्याशीच बसलोय म्हणजे सगळ्यात जास्त मिळणार. प्रत्यक्षात टॉवरचा अँटेना लहरी समोर फेकतो, आडव्या दिशेने, किंचित खाली झुकवून. अगदी पायाशी फारच कमी येतं. दिव्याखाली अंधार ही म्हण मायक्रोवेव्हलाही लागू पडते, हे कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आम्ही हेच आकडे घेऊन रिव्ह्यूला उभे राहिलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण रिव्ह्यू चार दिवसांवर होता, 'आउटपुट दाखवा' हा हुकूम होता आणि मागच्या बॅचच्या सीनियरने कानमंत्र दिला, "अरे, बोर्डाच्या खाली मोबाइल ठेव ना!"

तुमच्यापैकी काहींच्या दादा-ताईंकडे टूजीच्या काळातला तो स्टिकर असेल. मोबाइलच्या पाठीवर चिकटवायचा, फोन आला की लुकलुकायचा. त्यातल्या कित्येकांना बॅटरी नसायची. टूजीचा फोन बोलताना दोन वॉटपर्यंतचे झटके सोडतो, आणि स्टिकरचा अँटेना त्याला अगदी खेटून असतो. तेवढ्यावर एलईडी सहज पेटतो. त्या काळी आपण हे खेळणं समजून विकत घेतलं. ते प्रत्यक्षात रेडिओ लहरींवर चालणारं यंत्रच होतं.

आम्ही तेच केलं. फोन टूजीवर लावला, कॉल चालू ठेवला, पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवला, वर बोर्ड ठेवला आणि गच्चीवर टॉवरसह झकास व्हिडिओ काढला. एलईडी पेटलाय, मागे टॉवर, आमचा एक जण कॅमेऱ्याकडे बघून सांगतोय, "ही वीज आम्ही हवेतून काढली आहे." रिव्ह्यूत वाहवा झाली. सरांनीही पाठ थोपटली.

व्हिडिओ काढताना आजी बाजूलाच बोंबील उलटत होत्या. त्यांनी दिवा पाहिला, टॉवर पाहिला, मग आपल्या दोऱ्या पाहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे एवढा करंट पडतो माझ्या म्हावऱ्यावर?" आम्ही हसलो. कुणीतरी "हो ना आजी" असंही म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या दोऱ्या उतरवल्या. अर्धे सुकलेले बोंबील ना ओले राहतात ना सुके. दोन टोपल्या मांजरांना आणि कचऱ्यात गेल्या. उन्हाचे पुढचे आठ दिवस गच्ची रिकामी. शेजारी बातमी पसरली, 'इंजिनीअरिंगच्या पोरांनी टॉवरच्या करंटवर दिवा लावून दाखवला.' तळमजल्यावरच्या एका काकूंनी नातवाला गच्चीवर खेळायला पाठवणं बंद केलं. एक जण रेडिएशन 'शोषून घेणारे' स्टिकर विकायला आला आणि आमच्याच व्हिडिओचा दाखला देऊन विकून गेला. हे सगळं आम्हाला कळलं ते पंधरा दिवसांनी, मित्र कँटीनमध्ये मान खाली घालून बोलला तेव्हा.

मित्रहो, इथे माझा मुद्दा आहे. 'फुकटची वीज' हा नुसता अतिउत्साह नाही. हवेत भरपूर वीज आहे असं आपण सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. एक, ती फुकट मिळेल. दोन, ती आपल्याला भाजेल. हाव आणि भीती एकाच खोट्या आकड्यातून निघतात. आणि दोघींवर औषध एकच आहे : खरा आकडा, लोड लावून मोजलेला.

तो आकडा एकदा नीट बघू. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी लंडनमध्ये काही संशोधकांनी भुयारी रेल्वेच्या २७० स्टेशनांबाहेर उभं राहून हवेतली रेडिओ शक्ती मोजली. ९०० मेगाहर्ट्झच्या टॉवर-पट्ट्यात सरासरी निघाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३६ नॅनोवॅट. आता ताटाएवढा पॅच अँटेना घ्या. त्याचं प्रभावी क्षेत्रफळ साधारण ३५० चौरस सेंटिमीटर धरा. गुणाकार केला तर साडेबारा मायक्रोवॅट. रेक्टिफायरने तिसरा हिस्सा दिला तरी हातात चार मायक्रोवॅट.

५००० मिलिअँपिअर-तासाच्या मोबाइल बॅटरीत सुमारे ६९ हजार ज्यूल मावतात. चार मायक्रोवॅटने ती भरायला लागतील साडेपाचशे वर्षं! आपल्या शीवचा किल्ला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ मध्ये बांधला. किल्ल्याचा शेवटचा दगड बसला त्या दिवशी फोन चार्जिंगला लावला असता, तर आज तो ६३ टक्क्यांच्या आसपास असता. (बॅटरी आपोआप उतरते ते वेगळंच.)

कुणी म्हणेल, टॉवरजवळ जास्त मिळेल. कबूल. मग जास्तीत जास्त किती, तेही बघू. प्रा. गिरीश कुमार यांनीच डिसेंबर २०१० मध्ये टॉवरच्या किरणोत्सर्गावर दूरसंचार खात्याला अहवाल दिला होता. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशाने आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झला ती आहे दर चौरस मीटरला ०.४५ वॉट. समजा, तुमच्या खिडकीत ही मर्यादा काठोकाठ भरली आहे. तरी त्या ताटाएवढ्या अँटेनाला मिळतील १६ मिलिवॉट, डीसी होऊन उरतील ८. दहा वॉटच्या साध्या चार्जरची बरोबरी करायला असे साडेबाराशे अँटेना लागतील. आख्ख्या इमारतीला अँटेनांची झालर लावावी लागेल. आणि वर गच्चीवर पडणारं ऊन? भर दुपारी दर चौरस मीटरला हजार वॉट. ज्या उन्हात आजी बोंबील सुकवतात, त्याच उन्हात खरी वीज होती. आम्ही तिच्याकडे पाठ करून टॉवरकडे तोंड करून बसलो होतो.

मग हे सगळं शास्त्रच टाकाऊ का? मुळीच नाही. उलट ते रोज तुमच्या डोळ्यांसमोर चालू आहे, फक्त त्याला कुणी 'फुकट' म्हणत नाही.

गाडीच्या काचेवरचा फास्टॅग बघा. आत बॅटरी नाही. टोलनाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो. टॅग त्यातूनच स्वतःपुरती वीज काढतो, चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. सांगते तरी कशी? स्वतः लहर सोडत नाही. आलेलीच लहर कधी परतवते, कधी गिळते. लहानपणी आरशाने समोरच्या भिंतीवर कवडसा पाडायचो ना, तसं. सूर्य आपला नसतो, फक्त आरसा हलवायचा असतो. काही लायब्ररींतल्या पुस्तकांतला टॅग याच जातीचा. २०१४ साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हा हातात पडणारं ते प्लॅस्टिकचं टोकन चुलत भावंड. ते १३.५६ मेगाहर्ट्झवर चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा घेतं. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे : कुणीतरी मुद्दाम, जवळून, ठरवून ऊर्जा पाठवतं, आणि पलीकडच्या चिपची भूक दहा-वीस मायक्रोवॅटची असते.

हवेतल्या परक्या लहरींवरही जमतं, पण भूक आवरली तर. अमेरिकेत सिॲटलला २००९ मध्ये दोघा संशोधकांनी चार किलोमीटरवरच्या टीव्ही मनोऱ्यावरून ६० मायक्रोवॅट मिळवले आणि त्यावर तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र चालवलं. मनोऱ्याची प्रभावी शक्ती होती ९६० किलोवॅट! त्याच शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१३ मध्ये पुढची पायरी गाठली. बॅटरी नसलेली दोन यंत्रं टीव्हीच्या लहरींचे कवडसे एकमेकांवर पाडून आपसात बोलली.

आता आमचे ते चार मायक्रोवॅट परत घ्या. थेंबे थेंबे तळे साचे. एक मिनिट कपॅसिटरमध्ये साठवले तर २४० मायक्रोज्यूल होतात. एक छोटासा वायरलेस संदेश पाठवायला शंभर मायक्रोज्यूलच्या घरातली ऊर्जा पुरते. म्हणजे कपॅसिटरची गळती धरूनसुद्धा, काही मिनिटं झोपायचं, एक शब्द बोलायचं, पुन्हा झोपायचं, असा सेन्सर शक्य आहे. असे शंभर सेन्सर म्हणजे एक नेटवर्क, ज्याच्या बॅटऱ्या बदलायला कुणाला शिडी लावावी लागत नाही. पूल, बोगदे, जुन्या इमारतींच्या भेगा, जिथे हात पोचत नाही, उजेडही पोचत नाही, तिथे हे मोलाचं आहे. ट्यूबलाइटखाली असाल तर मात्र कॅलक्युलेटरवरची सोलर पट्टी परवडली. तिथे एका चौरस सेंटिमीटरला दहा मायक्रोवॅटच्या आसपास मिळतात. एवढीशी पट्टी आमच्या ताटाला हरवते!

थोडक्यात काय, तर या विषयात कमाई वाढवण्यापेक्षा खर्च कमी करण्यात इंजिनीअरिंग आहे. हॉस्टेलवर महिनाअखेर काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून डिपार्टमेंटला आणि येणाऱ्या बॅचला माझ्या तीन सूचना आहेत. लहान तोंडी मोठा घास वाटला तर क्षमस्व.

पहिली, अशा प्रोजेक्टच्या रिपोर्टात ओपन सर्किट व्होल्टेज छापायचं असेल तर खुशाल छापा, पण शेजारी लोड किती आणि लोडवर मायक्रोवॅट किती, हे लिहिल्याशिवाय सही होऊ नये. आणि जवळपासचे सगळ्यांचे फोन बंद करून मोजावं.

दुसरी, 'जमलं नाही' याला मार्क असावेत. एलईडी पेटला नाही, का पेटला नाही आणि किती पटींनी कमी पडलं, हे जो ग्रुप नीट सांगतो त्याला काम करणाऱ्या एलईडीइतकेच मार्क द्या. आम्ही खोटं बोललो ते आमच्या हिमतीच्या अभावी, त्याचं खापर कुणावर फोडत नाही. पण 'आउटपुट दाखवा' म्हणजे 'दिवा दाखवा' असा अर्थ चार वर्षं कानावर पडत असेल, तर मुलं दिवाच दाखवणार. तो कुठून पेटला ते खोक्यात राहणार.

तिसरी, यादीतून 'मोफत वीजनिर्मिती' काढून टाका आणि त्याजागी खरा प्रश्न टाका. एक कोळीवाड्यातलाच देतो. मासळीच्या पेटीत बॅटरी नसलेला तापमानाचा टॅग बसवा. पेटी दारातून आत आली की रीडर त्या क्षणाचं तापमान वाचेल. बर्फ कुठे कमी पडला ते कळेल. पाणी आणि धातू हे दोघेही या लहरींचे वैरी, त्यामुळे काम सोपं नाही. पण अवघड आहे म्हणूनच ते फायनल इयरचं काम आहे.

शेवटी आजींचं. आम्ही चौघे परत गेलो. खोकं उघडून आतला फोन दाखवला. फोन बंद केला, दिवा विझला. मग १० किलोओहमचा रेझिस्टर लावून आकडा दाखवला आणि नातवाने त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं, की गच्चीवर जे येतं ते सरकारी मर्यादेच्या शेकडो पट खाली असावं. हेही सांगितलं की आमचं सर्किट म्हणजे प्रमाणित मोजमाप नव्हे, ते एकाच पट्ट्याचं मोजतं आणि टॉवरच्या समोर, त्याच उंचीवर राहणाऱ्यांचं मोजमाप वेगळं करायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'शक्यता नाकारता येत नाही' अशा गटात ठेवलंय, तेही लपवलं नाही. शंका असेल तर दूरसंचार खात्याच्या 'तरंग संचार' पोर्टलवर शुल्क भरून रीतसर मोजणी मागता येते, तो अर्ज कसा करायचा ते लिहून दिलं. बोंबलांचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. घेतले असते तर बरं वाटलं असतं.

सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तुमचा दिवा खोटा, नि माझे बोंबील खरे होते."

दोऱ्या परत बांधायला आम्ही मदत केली. फायनल व्हायवाला व्हिडिओ काढून टाकला आणि सव्वादोन मायक्रोवॅटची स्लाइड लावली. मार्क कमी पडले. एक्स्टर्नल मात्र त्या स्लाइडवर वीस मिनिटं बोलत होते, आणि चार वर्षांतली ती एकच व्हायवा अशी, की संपू नये असं वाटलं.

यंदाची यादी लागली आहे. ते नाव पुन्हा त्यात आहे. ज्यांनी घेतलंय त्यांनी आमच्या रूमवर जरूर या. अँटेना, डायोड, सगळं देऊ. खोकं मात्र मिळणार नाही.

पटलं तर बघा, नाहीतर मेसमध्ये भेटूच!

— अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन